‘किलोमीटर कुठून आनशीन?’

गेम बिघडला की ‘उडव आणि नवा टाक’ हा आपला फेवरेट फंडा. पण बुलडाण्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चार वर्षांचा प्रवास अडकून पडला होता…

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या सगळ्या आजारांवर एकच औषध आहे. ‘फॉरमॅट मार!’ मशीन स्लो झालं, फॉरमॅट मार. व्हायरस आला, फॉरमॅट मार. मोबाइल हँग होतोय? फॅक्टरी रीसेट, म्हणजे पुन्हा तेच. ऑफिसातल्या आयटीवाल्यापासून गल्लीतल्या ‘कॉम्प्युटर एक्स्पर्ट’पर्यंत सगळे डॉक्टर जणू एकाच कॉलेजातून पास झालेत. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा काम होतंही. दोन तास जातात, मशीन चकाचक. त्या दोन तासांत काय काय पुसलं गेलं, ते मात्र महिन्याभराने कळतं.

आमच्या बुलडाण्याच्या घरी गेल्या दिवाळीत हाच सल्ला मिळाला. पेशंट होता एक गेम. आणि पेशंटच्या उशाशी चेहरा पाडून बसलेले नातेवाईक होते माझे बाबा. वय वर्षं ६३, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर.

लालपरी निघाली प्लायमाउथला

गेमचं नाव ‘यूरो ट्रक सिम्युलेटर २’. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने तो २०१२ मध्ये बाजारात आणला. नाव ऐकून वाटेल, काहीतरी धडाधड प्रकार असणार. अजिबात नाही! गोळ्या नाहीत, मारामारी नाही. माल घ्या, गाडी चालवा, सिग्नल पाळा, वेळेत पोचवा. सिग्नल तोडला की दंड. झोप झाली नाही की डोळे मिटायला लागतात. माझ्या पुण्यातल्या रूममेटला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘ही तर नोकरी झाली!’’

एक्झॅक्टली. बाबांना तीच पाहिजे होती.

आमचा बुलडाणा जिल्ह्याचं मुख्यालय आहे, पण गावाला रेल्वे नाही. मुंबई-हावडा लाइन जाते ती घाटाखालून, मलकापूर-नांदुरा-शेगावकडून. बुलडाणा घाटावर. त्यामुळे मलकापूरला गाडीतून उतरलेला माणूस मोताळा करत, राजूरचा घाट चढत वर येतो, तो एसटीच्या भरवशावर. बाबांनी ही ने-आण ३१ वर्षं केली. शेवटची दोन वर्षं डोळ्यांमुळे त्यांच्या हातात स्टिअरिंग नव्हतं, डेपोतलं बैठं काम होतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ‘‘बरोबरच हाय. मागं पन्नास मानसं बसेल असतात,’’ एवढंच म्हणायचे. पण रिटायर झाल्यावर ते गप्पच झाले. सकाळी साडेचारला उठायचे, अंघोळ करून तयार व्हायचे आणि मग ओट्यावर बसून राहायचे. तयार होऊन. कुठेच जायचं नसताना. आई म्हणायची, ‘‘यांची गाडी लागलीच नाही अजून.’’

यावर इलाज काढला माझ्या चुलतभावाने. तो इंजिनीअरिंगचा डिप्लोमा करतो आणि त्याचे मित्र दिवसभर मोबाइलवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ खेळतात. तो गेम २०१७ मध्ये इंडोनेशियाच्या मालेओ कंपनीने काढला, पण आपल्याकडच्या पोरांनी त्यात लाल एसटी कधीच घुसवली! भावाने घरातला जुना कॉम्प्युटर झाडूनपुसून काढला, कुठून तरी सेकंडहँड स्टिअरिंग आणि पेडल आणले आणि बाबांना खुर्चीत बसवलं. समोर चकचकीत युरोपियन ट्रक. बाबांनी दोन मिनिटं पाहिलं आणि उठले. ‘‘मी मानसं नेतो. माल नाई.’’

आणि मग आमच्या घरात ‘मॉड’ आला.

मॉड म्हणजे काय, तर कंपनीने बनवलेल्या गेममध्ये बाहेरच्या हौशी माणसाने केलेला बदल. नवी गाडी, नवा रस्ता, नवा आवाज. हे हौशी लोक म्हणजे टाइमपास करणारे, असं समजू नका. ज्या ‘काउंटर-स्ट्राइक’वर आपल्या पिढीने सायबर कॅफेत तासाला पंधरा-पंधरा रुपये उडवले, तो १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉड म्हणूनच सुरू झाला होता! बाबांना हे समजवायला मला फार कष्ट पडले नाहीत. एसटी महामंडळ काय करतं? टाटा किंवा अशोक लेलँडची चॅसी विकत घेतं आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या स्वतःच्या कार्यशाळेत तिच्यावर बॉडी चढवतं. गाडी कंपनीची, रूप आपलं. म्हणजे लालपरी हाच एक मॉड झाला की!

तर भावाने लाल बसचा मॉड टाकला. प्रवासी भरण्याचा वेगळा मॉड टाकला. एक अडचण उरली. युरोपात जवळजवळ सगळे उजव्या बाजूने गाडी चालवतात आणि बाबांनी ते साफ नाकारलं. मग भावाने नकाशावर ब्रिटन दाखवला. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालतं. झालं! गेली चार वर्षं आमची लालपरी प्लायमाउथ-कार्डिफ अशा फेऱ्या मारते. गेममधला ब्रिटनचा नकाशा साधारण १:१५ या प्रमाणात आहे, म्हणजे खऱ्या १५ किलोमीटरचा तिथे एक होतो. हे कळल्यावर बाबांनी गंभीरपणे विचारलं होतं, ‘‘मंग टाइमटेबल कोन बनवते यांचं?’’

रोज सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी. रविवारी सुट्टी. चार वर्षांत मीटर गेला १ लाख १२ हजार किलोमीटरवर. एकही सिग्नल तोडल्याचा दंड नाही. ओट्यावर बसणं बंद झालं. जेवताना पुन्हा रस्त्याच्या गोष्टी निघायला लागल्या. मी पुण्याहून फोन केला की आई सांगायची, ‘‘थांब, ते कार्डिफला आहेत.’’

सगळं रिप्लेस करू?

दिवाळीत भाऊ आला तो गिफ्ट घेऊन. टेलिग्रामच्या ग्रुपवरून उतरवलेले दहा-बारा नवे मॉड. नवी बस, घाटाचे रस्ते, पावसाचं वातावरण, इंजिनाचे आवाज. बाबा फराळाला उठले तेवढ्या वेळात त्याने सगळे एका दमात फोल्डरमध्ये ओतले. कॉम्प्युटरने विचारलं, ‘या नावाच्या फाइल आधीच आहेत, रिप्लेस करू?’ याने म्हटलं, कर. सगळ्यांना कर!

गेम सुरू झाला. लोडिंगची पट्टी पाऊण भागापर्यंत गेली आणि धाडकन सगळं बंद. पुन्हा केलं, पुन्हा बंद. दहा वेळा केलं, दहाही वेळा त्याच जागी.

मग आला तो जगप्रसिद्ध सल्ला. ‘‘काका, उडवून टाकू आणि नवा टाकू. नवीन प्रोफाइल काढून देतो. पैशांचं टेन्शन घेऊ नका, मॉडने कोटभर भरून देतो खात्यात.’’

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पैशे देशीन रे भाऊ. किलोमीटर कुठून आनशीन?’’

भाऊ हसला. मी नाही हसू शकले. कारण तोपर्यंत मी त्या प्रोफाइलचं नाव पाहिलं होतं. तिथे बाबांनी स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं. लिहिला होता त्यांचा एसटीतला बिल्ला नंबर. ४४१७.

मला पुण्याला लगेच परतायची घाई नव्हती. फ्रीलान्सिंगचा हा एक फायदा, डेडलाइन कुठूनही चुकवता येतात. दिवसा लेख, रात्री दुरुस्ती असं ठरलं. तीन रात्री लागल्या.

पहिली रात्र : हात लावू नका!

बिघडलेल्या गेमचा पहिला नियम एकदम सोपा आहे. दुरुस्त करण्याआधी कॉपी काढा. तुमची इतक्या दिवसांची कमाई गेममध्ये नसते, ती प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये असते. गेम पुन्हा उतरवता येतो. हे फोल्डर जगात एकच असतं आणि ते तुमच्याकडे असतं. वरून हा गेम अधूनमधून आपोआप सेव्ह करतो. म्हणजे प्रयोग करता करता बिघडलेली अवस्थाच चांगल्या अवस्थेवर लिहिली गेली की संपलं.

फोल्डर शोधायला गेले तर ४४१७ नावाचं काहीच नाही. होतं एक विचित्र नाव, ३४३४३१३७. आधी वाटलं, काहीतरी कचरा आहे. मग ट्यूब पेटली. हा गेम प्रोफाइलच्या नावातलं प्रत्येक अक्षर कॉम्प्युटरच्या सांकेतिक आकड्यात लिहितो आणि त्या पद्धतीत कुठल्याही अंकाच्या आधी ३ लागतो. तीन काढत गेले. ४, ४, १, ७. बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीनवर बोट ठेवत एकेक अंक वाचला आणि म्हणाले, ‘‘बिल्ला हाय म्हना की.’’ फोल्डरच्या दोन कॉपी काढल्या, एक पेनड्राइव्हवर, एक माझ्या लॅपटॉपवर. त्या रात्री एवढंच. बाबा जरा जेवले.

दुसरी रात्र : लाइनमनची आयडिया

आता सगळे मॉड बंद करून, रिकाम्या प्रोफाइलवर गेम चालवला. चालला! म्हणजे गेम ठणठणीत. दोष मॉडमध्येच. पण मॉड होते एकूण २६. एकेक काढून बघायचा तर २६ फेऱ्या, आणि आमच्या म्हाताऱ्या मशीनवर एका फेरीला पाच मिनिटं. त्यात मध्येच लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा.

यावर एक झकास युक्ती आहे. अर्धे काढायचे. गेम चालला, तर दोषी काढलेल्या अर्ध्यात. नाही चालला, तर उरलेल्यात. मग त्या अर्ध्याचे अर्धे. २६ चे १३, १३ चे ७, मग ४, मग २, मग १. पाच फेऱ्यांत चोर पकडला! मी हे मोठ्या रुबाबात सांगत होते, तर बाबा म्हणाले, ‘‘मंग? एमएसईबीचा लाइनमन तेच करते. मधातून लाइन तोडून पायते, कोनतं अर्धं मेलं.’’

तर लाइनमनच्या पद्धतीने पहिले १३ ठेवले. गेम चालला. छान, म्हणजे चोर दुसऱ्या तेरांत. दुसरे १३ ठेवले. तरीही चालला! पुन्हा सगळे २६ लावले. धाडकन बंद.

हा प्रकार तुमच्याही ओळखीचा असेल. टीममधले दोघं, वेगवेगळे भेटले तर हिरे. एका मीटिंगमध्ये बसवले की स्फोट. एकटा कोणीच वाईट नव्हता. भांडण जोडीचं होतं. आणि अर्धं-अर्धं करण्याची युक्ती नेमकी इथेच फसते, कारण अर्धे करताना आपणच त्या जोडीला दोन खोल्यांत बसवतो.

तिसरी रात्र : एक गाडी, दोन सांगाडे

मग उरला तो सगळ्यात बोअरिंग मार्ग, लॉग वाचणे. गेम प्रत्येक वेळी काय काय केलं याची नोंद एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. ती कोणी उघडून बघत नाही, कारण त्यात ‘एरर’ हा शब्द शेकड्यांनी असतो आणि पाहूनच घाम फुटतो. पण बहुतेक एरर निरुपद्रवी असतात, कुठे एखादं चित्र नाही, कुठे आवाज नाही. बघायच्या त्या शेवटच्या ओळी, गेम बंद पडण्याच्या अगदी आधीच्या. एसटी मध्येच बंद पडली तर मेकॅनिक पण हेच विचारतो ना, ‘बंद पडायच्या आधी आवाज कसला आला?’

शेवटच्या सगळ्या ओळींत एकच नाव होतं. लाल बस.

मॉडच्या फाइल उघडून पाहिल्या, तेव्हा कोडं सुटलं. बसचे मॉड दोन होते! एक चार वर्षांपूर्वीचा, एक दिवाळीतला. त्याच बसची सुधारून काढलेली आवृत्ती. फाइलचं नाव वेगळं, त्यामुळे ‘रिप्लेस’ झालंच नाही आणि जुनी फाइल तशीच राहिली. पण आतल्या फोल्डरची नावं मात्र सारखीच. या गेममध्ये मॉडची एक उतरंड असते. दोन मॉडमध्ये एकाच नावाची वस्तू असेल तर यादीत वर असलेल्याचं चालतं. ऑफिससारखंच! पण वरच्याकडे जी वस्तू नाही, ती खालच्याकडून उचलली जाते. त्यामुळे सांगाडा नव्या बसचा, काही दरवाजे जुन्या बसचे, आरसे भलत्याच मापाचे, अशी गाडी तयार होत होती. रस्त्यावर यायच्या आधीच ती कोसळायची.

म्हणजे दोघींपैकी एकच बस राहू शकत होती.

हा निर्णय माझा नव्हता. मी दोन्हींचे फोटो बाबांसमोर ठेवले. जुनी बस, जिच्यावर त्यांनी चार वर्षं काढली. नवी बस, जास्त सुबक, पाटीवर दिव्यांची अक्षरं. आपण पिक्चर बघून वाढलेली माणसं, आपल्याला वाटणार आता बाबा जुन्या बसवर हात ठेवतील, मागे बासरी वाजेल.

बाबा म्हणाले, ‘‘नवी घाल.’’

‘‘बाबा, जुनी जाईल मग. तिच्या मीटरसकट.’’

‘‘जाऊ दे. डेपोत गाड्या भंगारात जातच असतात. मी किती गाड्या चालवल्या, मोजल्या का? गाडीचा मीटर गाडीसंगं जाते. डायवरचे किलोमीटर डायवरजवळ रायतात.’’

आणि तसंच झालं. जुना बसचा मॉड काढला, नवा ठेवला, यादी पुन्हा लावली आणि आधी कॉपीवर चालवून पाहिलं. गेमने जुनी गाडी गॅरेजमधून काढून टाकली. बाबांनी नवी बस घेतली, मीटर शून्य. मग मी ड्रायव्हरची माहिती उघडली. एकूण अंतर : १ लाख १२ हजार आणि वरचे काही. एकही किलोमीटर हललेला नव्हता. बाबांनी दोन्ही आकडे पाहिले, शून्यही आणि लाखही, आणि स्टिअरिंगवर बसले. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. आईने आतून विचारलं, ‘‘आता या वेळी कुठे?’’ ‘‘नाइट हॉल्ट,’’ बाबा म्हणाले.

मी त्यानंतर बरेच दिवस या वाटणीचा विचार करत होते. काय गाडीचं असतं आणि काय ड्रायव्हरचं? आपण दोन-दोन वर्षांनी कंपनी बदलतो, फ्लॅट बदलतो, शहर बदलतो, आणि ‘फ्रेश स्टार्ट’ या शब्दावर आपण फिदा असतो. नवा लॅपटॉप, नवं आयकार्ड, मीटर शून्य. चांगलंच आहे, जुन्या गाडीला मिठी मारून बसण्यात काही अर्थ नाही. पण घाईघाईत ‘सगळं रिप्लेस’ म्हणताना आपण ड्रायव्हरचं फोल्डरही उडवतो का, हे एकदा बघायला हवं. जुन्या ऑफिसातली ती दोन माणसं, एखादी शिकलेली पण आता ‘आउटडेटेड’ म्हणून सोडलेली कला, तिसऱ्या नंबरच्या शहरातली ओळखीची खानावळवाली काकू. हे गाडीचं नव्हतं. आपलं होतं.

असो. बाबांना या फिलॉसॉफीत काडीचा रस नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि कॉम्प्युटरच्या शेजारी दोरीने बांधून ठेवली. रकाने असे. तारीख. मॉडचं नाव. गेमच्या कोणत्या आवृत्तीसाठी. जुना काढला का? आधी कॉपी घेतली का? टाकणाऱ्याची सही. एका दिवशी एकच मॉड, त्यावर एक पूर्ण फेरी मारून मगच दुसरा. गेमची नवी आवृत्ती आली की आधी मॉडवाल्याने आपला मॉड त्यासाठी सुधारला का ते बघायचं, तोवर बस डेपोत उभी. दर महिन्याच्या एक तारखेला पेनड्राइव्हवर कॉपी. इंटरनेटवर मॉडबद्दल तासभर वाचलंत, तरी याहून शहाणा सल्ला मिळणार नाही.

परवा भावाचा मेसेज आला. ‘‘ताई, काका सही केल्याशिवाय माउसला हात लावू देत नाहीत.’’ सोबत वहीच्या पानाचा फोटो होता. शेवटच्या रकान्यात, ‘शेरा’खाली, बाबांच्या गोल अक्षरात एकच ओळ : नवीन गाडीचा हॉर्न बारीक आहे, बदलणे.

भाऊ सध्या मोबाइल हातात घेऊन बुलडाणा स्टँडवर उभा असतो. खऱ्या लालपरीचा हॉर्न रेकॉर्ड करायचाय. जुनी बस गेल्यामुळे यादीत आता २५ मॉड आहेत. हा सव्विसावा असणार.